वांग्यावरचा नियम आणि पंजाबरावांची गोळी

पातूर, जिल्हा अकोला
तुळशीच्या लग्नाचा आदला दिवस

आदरणीय पंजाबराव यांना,

पातूरहून तुमच्या घरचे जावई उत्तमराव यांचा रामराम पोचावा. बेबीताईंना नमस्कार, कुलदीपला आशीर्वाद, आणि प्रणालीला सांगा की लग्न होईपर्यंत सासरच्यांसमोर जरा बेतानं हसावं (हसण्यात ती थेट आपल्या आत्यावर गेली आहे, आणि त्या हसण्यापायी तुमच्या तिवशाहून आमच्या पातूरपर्यंत एका माणसाचं काय झालं ते तुम्ही पाहताच आहात). इकडे सर्व क्षेम आहे. झेंडू दसऱ्यालाही निघाला आणि दिवाळीलाही. वांगी अशी लागली आहेत की रस्त्यानं जाणारा माणूस मोटारसायकल थांबवून पाहतो. माझ्या तब्येतीबद्दल पुढे सविस्तर लिहिलंच आहे, कारण अकोल्याच्या डॉक्टरांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं आहे आणि अशी गोष्ट दोन ओळींत उरकणं बरं दिसत नाही.

तुमची तब्येत कशी आहे हे मात्र खरं खरं कळवा. नुसतं ‘ठीक हाय’ चालणार नाही. तुमच्या हृदयात स्टेंट टाकल्यापासून तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी रोज रात्री न चुकता घेत होता. ती तुम्ही प्रणालीच्या साक्षगंधाच्या दिवशी बंद केली, आणि माझ्या भाषणामुळे बंद केली, असं तुमच्या बहिणीचं म्हणणं आहे. पत्राचं कारण एवढंच. हे फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘जी जवाईबुवा, जी जवाईबुवा’ याच्यापलीकडे जात नाही, आणि मग मलाही संत्र्याचा भाव विचारून फोन ठेवावा लागतो.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो. माझं भाषण चुकलं होतं, असा कोणी समज करून घेऊ नये. त्या भाषणामागे आमच्या घराण्याची अक्कल होती. तुम्ही संत्र्याची माणसं, तुमच्या झाडाला वर्षभर वाट पाहायची सवय असते. आम्ही भाजीपाल्याची माणसं. वांग्यावर आज अळी, उद्या मावा, परवा आणखी काही, आणि काही पडलं रे पडलं की कृषी केंद्रात नवी बाटली हजर. म्हणून वडिलांच्या काळापासून आमच्या घरात एकच नियम आहे. नवं औषध आलं की ते आधी एका ओळीवर मारायचं, बाकीचं वावर कोरं ठेवायचं आणि हंगामभर दोन्हीकडे पाहत राहायचं. मागे एक टॉनिक आलं होतं, त्याच्या बाटलीवर टोपी घातलेला हसरा शेतकरी होता. आमच्या शेजारच्या गोवर्धननं ते सगळ्या वावरावर मारलं. चार दिवस त्याच्या वांग्याची पानं अशी चमकली की लोक फोटो काढायला आले. पाचव्या दिवसापासून तीच पानं गुंडाळायला लागली. माझी फक्त एक ओळ गुंडाळली. तेव्हापासून पातुरात मला ‘थांबून पाहणारे उत्तमराव’ म्हणतात. ही गोष्ट मी स्वतःहून कधी सांगत नाही. कोणी विचारलं तर सांगतो, आणि कोणी विचारलं नाही तर बोलणं हळूहळू तिकडे नेतो.

अशा माणसाच्या हातात तुम्ही साक्षगंधाच्या दिवशी माईक दिलात. (मी मागितला नव्हता. मी फक्त माईक चालू आहे का ते पाहत होतो.) त्याच सकाळी माझ्या मोबाईलवर कोलेस्टेरॉलच्या नव्या इंजेक्शनची बातमी आली होती. वर्षातून दोनदा टोचायचं, बाकी वर्षभर निर्धास्त. मी तिथे एवढंच विचारलं की दहा-वीस वर्षांनी त्या माणसाच्या शरीराचं काय होतं हे कोणी पाहिलं आहे का? एखादी ओळ कोरी ठेवली आहे का? एकदम टाळ्या पडल्या. नवऱ्या मुलाच्या काकांनी फेटा सारखा केला. मग इंजेक्शनवरून मी सगळ्याच गोळ्यांवर कसा आलो, ते मला नीटसं आठवत नाही. टाळ्या चालू असल्या म्हणजे बोलणाऱ्याला वळणं दिसत नाहीत. पण भाषण चांगलं झालं, हे तुमचे शेजारीही कबूल करतील. आचाऱ्यानं पोळ्या लाटणं थांबवलं होतं.

त्यानंतर तुम्ही जे केलं ते मात्र मला अपेक्षित नव्हतं. तुम्ही उठलात, खिशातून गोळ्यांची पट्टी काढलीत आणि भर मांडवात म्हणालात, “जवाईबुवाचा शब्द या घरानं आजपर्यंत खाली पडू देला नाई. आजपासून आपली गोळी बंद!” आणि पट्टी सरळ खरकट्याच्या बादलीत. पंजाबराव, मला तुमच्या घराची रीत ठाऊक नाही असं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आलो तेव्हा मी सहज म्हणालो होतो की कोहळ्याची भाजी मला विशेष आवडत नाही. तर तुमच्या वडिलांनी त्या दिवसापासून घरात कोहळं आणणंच बंद केलं. मी येणार असलो तरच नव्हे, कायमचं. प्रणालीनं तर कोहळ्याची भाजी पहिल्यांदा कॉलेजच्या वसतिगृहात खाल्ली म्हणे. इतका मान दुसऱ्या कोणत्या जावयाला मिळाला असेल असं मला वाटत नाही, आणि याचा मला अभिमान आहे. त्या दिवशी मांडवातही मला अभिमानच वाटला. माझी छाती अशी फुगली की शालीची पिन निघाली. तुमच्या छातीचा विचार त्या क्षणी मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या प्रवासात गाडी गजेंद्र चालवत होता. आमचा हा मुलगा कमी बोलतो, त्यामुळे मी त्याला भाषणातले महत्त्वाचे भाग पुन्हा ऐकवले. तुमची बहीण मागच्या सीटवर गप्प बसली होती. अमरावती गेलं तरी गप्प, अकोला गेलं तरी गप्प. मला वाटलं, भारावली असेल. घरी आल्यावरही तिचं तेच. भाजीत मीठ बरोबर, चहा वेळेवर, पण बोलणं ‘हो’ आणि ‘नाई’ एवढंच. (मधल्या काळात मी तिला काही प्रश्न असे विचारले की ज्यांची उत्तरं हो-नाहीत देता येणार नाहीत. तिनं ती दिलीच नाहीत.) मग भाऊबीज आली. तुमच्या बहिणीनं, माणिकनं, ताट केलं, रांगोळी घातली आणि वाट पाहत बसली. तुमच्या ऐवजी कुलदीप आला, साडी घेऊन. बाबांना दगदग नको म्हणून आले नाहीत, म्हणाला. तिनं कुलदीपला ओवाळलं, जेवू घातलं, हसून पाठवलं. तो गल्लीच्या टोकाशी वळला आणि ती माझ्याकडे वळली. “माहा भाऊ तिवशाहून पातूरले नाई येऊ शकला,” ती म्हणाली. “आता तुमी चला अकोल्याले. डॉक्टरपुढं करा थे भाषण.”

मी लगेच तयार झालो. भाषण करायला मी केव्हाही तयार असतो. बीपीसाठी आम्ही ज्या डॉक्टरांकडे जातो त्यांच्याचकडे गेलो. मोबाईलवरच्या सगळ्या बातम्या मी गजेंद्रकडून छापून घेतल्या होत्या आणि वांग्याचं उदाहरण प्रस्तावनेलाच घेतलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं (बाहेर पेशंट ताटकळले होते, पण त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही), आणि मग काय म्हणाले माहीत आहे? तुमची शंका अगदी रास्त आहे, म्हणाले. हे इंजेक्शन नवं आहे, आतापर्यंतचे निकाल चांगले आहेत, पण वीस वर्षांनंतर काय होतं हे आज कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. मी तुमच्या बहिणीकडे असं पाहिलं, की ते पाहणंसुद्धा छापून ठेवावं. एवढा शिकलेला माणूस, भिंतीवर तीन प्रमाणपत्रं, आणि उत्तमरावांशी सहमत!

तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं की मेहुण्यांना हेच इंजेक्शन चालू होतं का. मी म्हणालो, नाही, गोळी होती, पण सगळं एकाच घरचं. त्यांनी नाव विचारलं. मला ठाऊक नव्हतं. तुमच्या बहिणीनं तिथूनच बेबीताईंना फोन लावला आणि टेबलावर ठेवला. बेबीताईंनी जुन्या चिठ्ठीवरून नाव वाचून दाखवलं आणि डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ही गोळी नवी नाही, म्हणाले. आमच्या गजेंद्रच्या जन्माआधीपासून जगभर लोक घेत आहेत. तिचेही त्रास आहेत, ते लपवायचं कारण नाही. काहींचे स्नायू दुखतात, काहींची साखर थोडी वाढते, म्हणून मधूनमधून रक्त तपासायचं, त्रास झाला तर मात्रा कमी करायची किंवा औषध बदलायचं. पण स्टेंट असलेल्या माणसानं ती आपल्या मनानं बंद करणं म्हणजे धोका ओढवून घेणं. मग त्यांनी विचारलं, त्यांना बंद करायला कोणी सांगितलं? मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहू लागलो. चित्र सुरेख होतं, रंगीत होतं.

फोन अजून चालूच होता. बेबीताई एकदम बोलायला लागल्या. “हे बगीच्यात जातात अन् चार झाडं झाले का थांबतात. झाडाची डांग धरतात अन् संत्रं पाहून राहिलो म्हनतात. थे काय संत्रं पाहून राहिले का? दम लागून राहिला त्यायले. मले समजत नाई का?” डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की त्यांना याच आठवड्यात त्यांच्या अमरावतीच्या डॉक्टरांकडे पाठवा, आणि छातीत दुखलं तर तेवढंही थांबू नका. तुम्ही गेलात का? बेबीताई म्हणतात, जात नाही. जावयाचा शब्द आहे म्हणून सांगता.

आता माझ्या रिपोर्टकडे येतो. आलोच होतो म्हणून डॉक्टरांनी माझंही रक्त तपासलं. आणि पंजाबराव, काय सांगू! कोलेस्टेरॉल एखाद्या तरण्याबांड पोरासारखं. डॉक्टर म्हणाले, उत्तम, असंच चालू ठेवा. मी त्यांना सांगितलं की यात औषधाचं काही नाही, ही घरच्या वांग्याची, ज्वारीच्या भाकरीची आणि पातूरच्या हवेची करामत आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्या बहिणीकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसले. कौतुक लपवणाऱ्या माणसाचं हसणं मी ओळखतो. तो रिपोर्ट मी प्लास्टिकमध्ये घालून घेतला आहे. गोवर्धनला दाखवला, कृषी केंद्रात दाखवला, बसस्टँडवरच्या चहावाल्याला दाखवला. सून रागिणी म्हणते, बाबा, आता फक्त तहसीलदार राहिले.

पण एका डॉक्टरच्या शब्दावर मान डोलवणारा मी नाही. निघताना मेडिकलच्या दुकानातून तुमच्या गोळीच्या खोक्यातला माहितीचा कागद मागून घेतला (गोळ्या नकोत, फक्त कागद, हे त्या दुकानदाराला पटवण्यातच बराच वेळ गेला) आणि बसमध्ये वाचायला काढला. अक्षर एवढं बारीक, की मोबाईलनं फोटो काढून मोठं करून वाचावं लागलं. बस अकोल्याबाहेर पडली तेव्हा मी स्नायूंच्या दुखण्यापर्यंत आलो होतो, आणि माझ्या दोन्ही पोटऱ्या दुखायला लागल्या. पुढे पोटफुगीचा उल्लेख आला आणि मी पँटचा पट्टा सैल केला. झोपेच्या तक्रारीपाशी आलो तर इतर सगळे प्रवासी डुलक्या घेत होते, मी एकटा टक्क जागा. विस्मरणाचं वाचता वाचता चष्मा कुठे ठेवला तेच आठवेना (तो डोळ्यांवर होता). पातूरला उतरताना कंडक्टरनं दंड धरला. घरी रागिणीनं पोटऱ्यांना मलम चोळलं आणि विचारलं की बाबांनी कोणती गोळी घेतली. तुमची बहीण म्हणाली, “गोळी कुठची? कागद वाचला यायनं.” आणि पुष्कळ दिवसांनी हसली.

तिनं हसावं, माझी हरकत नाही. पण तुम्ही मुद्दा लक्षात घ्या. ज्या औषधाचा नुसता कागद वाचून माझ्यासारख्या धडधाकट माणसाची ही गत होते, ते औषध पोटात गेल्यावर काय करत असेल! त्यामुळे साक्षगंधातलं माझं भाषण शब्दन् शब्द कायम आहे. त्यात मी एका मात्रेचाही बदल करणार नाही. प्रणालीच्या लग्नातही पुन्हा करायची तयारी आहे, फक्त माईक बरा बघून ठेवा.

बाकी विशेष काही नाही. संत्र्याचा भाव पडायच्या आत माल काढा. थंडी पडायला लागली आहे, पहाटे बगीच्यात जाताना कान बांधत जा. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि भाषण आवडलं असं जे कोणी म्हणतील त्यांना माझा खास रामराम.

तुमच्या घरचा मान ज्यानं आजवर राखला आणि ज्याचा तुम्ही राखला, तो तुमचा जावई,
उत्तमराव

ता.क. भाषण कायम आहे, पण ते माझ्यासारख्या प्रकृतीच्या माणसांसाठी होतं, हे मांडवात सांगायचं राहून गेलं. तुम्ही त्यात येत नाही. तेव्हा पत्र मिळताच कुलदीपला गाडी काढायला सांगा, अमरावतीच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते म्हणतील तशी गोळी परत सुरू करा. ही विनंती नाही. जावयाचा शब्द आहे, लेखी आहे आणि खाली सही आहे. कोणी विचारलं की जवाईबुवाचा शब्द मोडला का, तर हे पत्र दाखवा. चारचौघांत वाचून दाखवलंत तरी चालेल. वांग्याचा भाग मात्र गाळू नका.

दुसरा ता.क. वरचा ता.क. लिहून उठलो होतो, पुन्हा येऊन बसलो. पंजाबराव, बेबीताईंनी ते फांदी धरून थांबण्याचं सांगितलं, तेव्हापासून मला कशात गोडी वाटत नाही. रिपोर्ट लोकांना दाखवतो, पण मन तिकडे तिवशात असतं. मला भीती वाटते. तुम्ही माझे मेहुणे आहात ते आहातच, पण इतक्या वर्षांत माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा आणि वर ते खरं मानणारा दुसरा माणूस मला मिळालेला नाही. तो मला गमवायचा नाही. जावयाचा एवढा मान ठेवा.

दादा,
पाकीट बंद करायले यायनं माह्या हाती देलं, म्हून खाली लिहून राहिली. सारं वाचलं. आता माहं आइक. बीपीच्या गोळीसंगं दुसरी एक गोळी हे तीन वर्षांपासून रोज रात्री माह्या हातून घेतात. तुहीच गोळी आहे थे. डॉक्टरनं लिहून देली तवा यायले समजावून सांगतलं होतं, पन हे तवा डॉक्टरले वांगे समजावून सांगत होते. आजपर्यंत ना यायचे पाय दुखले, ना झोप गेली, रिपोर्ट तर साऱ्या गावानं पायला. यायले काही सांगू नको, नाई तर उद्यापासून सारंच दुखन. साक्षगंधाच्या रात्री तुह्याच घरी, बेबीवैनीनं आनून देलेल्या पान्यानं यायनं गोळी घेतली अन् घोरत पडले. तू फेकली अन् यायनं खाल्ली. आता तू खाय, दादा.
माणिक